बारा अंकी टेबल कॅल्क्युलेटर आणि ३८१६५४७२९० ही संख्या: वर्गातील वापराचे परीक्षण

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन किंवा तुरीची पट्टी करताना आडत दुकानातील दिवाणजी ज्या रुंद, तिरक्या पडद्याच्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर झपाट्याने बोटे चालवतात, तेच यंत्र मी आमच्या शाळेच्या गणित कक्षासाठी गंजगोलाईतील एका स्टेशनरी दुकानातून घेतले. किंमत पाचशे रुपयांच्या आत होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी बटणांची मांडणी, सरकते खटके आणि पडद्याची लांबी जवळपास सारखीच असते, आणि येथे जे लिहायचे आहे ते या सर्व यंत्रांना थोड्याफार फरकाने लागू पडते. आडतीसाठी हे यंत्र चांगले आहे हे सांगायला माझी गरज नाही. सातवी ते दहावीच्या मुलांना संख्यांशी खेळायला शिकवण्यासाठी ते कितपत उपयोगी आहे, हा माझा प्रश्न होता, आणि त्यासाठी मी एकच संख्या कसोटी म्हणून निवडली: ३८१६५४७२९०.

वाचायची झाल्यास ही संख्या तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद अशी वाचली जाते. तिच्यात शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक नेमका एकदा येतो, आणि डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर त्या संख्येला दोनने, पहिले तीन घेतले तर तीनने, पहिले चार घेतले तर चारने, असे करत शेवटी सर्व दहा अंकांना दहाने निःशेष भाग जातो. ३८ भागिले २ म्हणजे १९, ३८१ भागिले ३ म्हणजे १२७, ३८१६ भागिले ४ म्हणजे ९५४, ३८१६५ भागिले ५ म्हणजे ७६३३, ३८१६५४ भागिले ६ म्हणजे ६३६०९. सातव्या पायरीवर ३८१६५४७ ला सातने भागल्यावर ५४५२२१ येतात, आठव्या पायरीवर ४७७०६८४, नवव्या पायरीवर ४२४०६०८१, आणि दहावी पायरी तर शेवटच्या शून्यामुळे आपोआपच पार पडते. दहाही अंक एकेकदाच वापरून हा गुणधर्म असणारी दुसरी कोणतीही संख्या नाही. येथे मुलांचा एक गैरसमज हमखास होतो, तो आधीच दूर करावा: संपूर्ण संख्येला एक ते दहा या सर्वांनी भाग जातो असा या गुणधर्माचा अर्थ नाही. ३८१६५४७२९० ला सातने भाग जात नाही, चारनेही जात नाही. तसा भाग जाण्यासाठी संख्या २५२० च्या पटीत असावी लागते, आणि ही तशी नाही. गुणधर्म आहे तो डावीकडून वाढत जाणाऱ्या तुकड्यांचा.

आठ अंकी खिशातील कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावतच नाही. दहा अंकी यंत्रावर ती काठोकाठ बसते. बारा अंकी पडद्यावर मात्र ती बसून दोन घरे मोकळी राहतात, आणि भागाकार करताना दशांश चिन्हानंतरचे अंक दिसायला या मोकळ्या घरांचा फार उपयोग होतो. पडदा मोठा असल्याने एका बाकावरची चार मुले तो एकाच वेळी वाचू शकतात, ही गोष्ट वर्गात फार महत्त्वाची आहे. मला खटकले ते एवढेच, की पडद्यावर अंकांचे गट तीन-तीनचे पडतात, त्यामुळे ३,८१६,५४७,२९० असे दिसणारे आकडे लाख-कोटीत वाचायला सरावलेल्या मुलाला आधी मनात पुन्हा मांडावे लागतात. ज्या बाजारात सारे व्यवहार लाखांत आणि कोटींत बोलले जातात, तेथे विकल्या जाणाऱ्या यंत्रावर स्वल्पविराम आपल्या रीतीने पडायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्राच्या पडद्याखाली दोन सरकते खटके असतात आणि वर्गासाठी त्यांचे महत्त्व इतर कोणत्याही बटणापेक्षा जास्त आहे. एक खटका दशांशस्थळे किती दाखवायची ते ठरवतो, तर दुसरा उत्तर वर पूर्णांकित करायचे, खाली छाटायचे की नेहमीच्या रीतीने जवळच्या अंकाला न्यायचे ते ठरवतो. व्यापाऱ्याला पैसे दोन स्थळांपर्यंतच हवे असतात, म्हणून दुकानातून यंत्र येते तेव्हा पहिला खटका बहुधा दोनवर असतो. हाच खटका शून्यावर गेला आणि दुसरा नेहमीच्या पूर्णांकनावर असला, तर ९८७६५४३ ला सातने भागल्यावर पडद्यावर १४१०९३५ असे निखळ पूर्ण उत्तर दिसते आणि भाग गेला असा समज होतो, वास्तविक तो गेलेला नसतो. इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या जागी खटका ठेवला की यंत्र मावतील तेवढे सर्व अंक दाखवते आणि तेच उत्तर १४१०९३४.७१४२८ असे येते. विभाज्यतेचा कोणताही प्रयोग सुरू करण्यापूर्वी खटका ‘एफ’वर आहे ना, हे शिक्षकाने स्वतः पाहावे.

बाकी सांगणारे बटण या यंत्रावर नाही. सुरुवातीला मला ही मोठी उणीव वाटली होती, परंतु सातव्या पायरीवर काम करताना तिच्यातूनच या वर्षातील सर्वांत चांगला तास मिळाला. सातने भाग जात नसेल तर दशांश चिन्हानंतर येणारे अंक नेहमी १४२८५७ या चक्रातलेच असतात, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते, हे मुलांच्या आपणहून लक्षात आले. “सर, भाग गेला नाही, पण आकडे परत तेच का येतात?” असा प्रश्न मागच्या बाकावरून आला, आणि उत्तरासाठी फळ्यावर एक भागिले सात हा भागाकार हाताने करावा लागला. बाकी एक उरली की दशांश भाग १ ने सुरू होतो, दोन उरली की २ ने, तीन उरली की ४ ने, चार उरली की ५ ने, पाच उरली की ७ ने आणि सहा उरली की ८ ने. म्हणजे ९८७६५४३ चे उत्तर .७१४२८ ने संपले की बाकी पाच आहे हे बटण नसतानाही वाचता येते. १८३६५४७ ला सातने भागल्यावर २६२३६३.८५७१४२ असे सहाही अंकांचे पूर्ण चक्र पडद्यावर बरोबर मावते, तेव्हा बाकी सहा. हे वाचायला शिकलेले मूल ‘भाग गेला’ किंवा ‘नाही गेला’ एवढ्यावर थांबत नाही, तर कितीने चुकला हे सांगते.

परंतु केवळ बटणे दाबून ही संख्या सापडणार नाही, आणि माझ्या मते यंत्राचे खरे परीक्षण याच ठिकाणी होते. दहा अंक एका ओळीत मांडण्याचे एकूण ३६२८८०० प्रकार आहेत. ते एकेक करून तपासायला बसलेला वर्ग दिवाळीपर्यंत उठणार नाही. म्हणून आधी विचार करावा लागतो. दहाव्या पायरीवर दहाने भाग जायचा म्हणजे शेवटचा अंक शून्यच. पाचव्या पायरीवर पाचने भाग जायचा म्हणजे पाचवा अंक शून्य किंवा पाच, आणि शून्य संपलेले असल्याने तो पाचच. उरले आठ अंक, म्हणजे ४०३२० प्रकार. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या पायरीवर सम संख्येने भाग जायचा असल्याने त्या जागी सम अंक हवेत, मग उरलेल्या जागी विषम अंक येणार. प्रकार झाले ५७६. आता चारची कसोटी लावली की तिसरा अंक विषम असल्यामुळे चौथा अंक दोन किंवा सहाच असू शकतो, आणि आठची कसोटी लावली की आठवा अंकही दोन किंवा सहाच निघतो. म्हणजे चार आणि आठ हे अंक दुसऱ्या व सहाव्या जागी जातात. पुढे तीनची कसोटी: पहिल्या तीन अंकांची बेरीज तीनच्या पटीत, आणि सहाव्या पायरीमुळे पुढच्या तीन अंकांचीही बेरीज तीनच्या पटीत, म्हणून मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ याखेरीज काही असूच शकत नाहीत. इतके सगळे वापरल्यावर ५७६ पैकी दहा उमेदवार उरतात (शेवटचे शून्य सोडून लिहिलेले): १४७२५८९६३, ७४१२५८९६३, १८९६५४३२७, ९८१६५४३२७, ७८९६५४३२१, ९८७६५४३२१, १८३६५४७२९, ३८१६५४७२९, १८९६५४७२३ आणि ९८१६५४७२३. नऊची कसोटी वेगळी लावावी लागत नाही, कारण एक ते नऊ या अंकांची बेरीज ४५ आहे आणि ती नऊच्या पटीतच आहे.

राहिली सातची कसोटी, आणि सातसाठी पाठ करण्यासारखी सोपी कसोटी शालेय पुस्तकात मिळत नाही. येथे यंत्र हाती घ्यावे. दहा भागाकार, आणि त्यांपैकी नऊ वेळा पडद्यावर १४२८५७ च्या चक्राचा कोणता ना कोणता तुकडा. एकदाच निखळ ५४५२२१. छत्तीस लाखांहून अधिक शक्यता डोक्याने दहावर आणायच्या आणि शेवटचा निवाडा यंत्राकडे सोपवायचा, अशी कामाची वाटणी मुलांना करता आली, तर कॅल्क्युलेटरमुळे मुले गणित विसरतात ही तक्रार मला मान्य नाही.

या दहा उमेदवारांकडे पाहताना यंत्राच्या बटणांविषयी एक सुंदर गोष्ट हाती लागते. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७, ८, ९, मधल्या ओळीत ४, ५, ६ आणि खालच्या ओळीत १, २, ३ असतात. पहिला उमेदवार १४७२५८९६३ म्हणजे डावा स्तंभ खालून वर, मधला स्तंभ खालून वर आणि उजवा स्तंभ वरून खाली. ७४१२५८९६३ मध्ये फक्त डाव्या स्तंभाची दिशा उलटते. ७८९६५४३२१ म्हणजे वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग उरलेल्या दोन ओळी उजवीकडून डावीकडे. आणि ९८७६५४३२१ मध्ये तिन्ही ओळी उजवीकडून डावीकडे. दहापैकी चार उमेदवार अशा सरळ रेषांत बोट फिरवून टाइप करता येतात, आणि यात चमत्कार काही नाही: बटणांच्या तिन्ही ओळींच्या आणि तिन्ही स्तंभांच्या बेरजा तीनच्या पटीत आहेत, पाच मध्यभागी आहे, आणि आपल्या अटीही तीन-तीन अंकांच्या गटांवर नेमके हेच मागतात. स्तंभांच्या बेरजा १२, १५ आणि १८ आहेत. ज्या संख्येने शेवटी बाजी मारली ती बटणांवर सरळ रेषेत चालत नाही, तरी तिचे गट ३८१, ६५४ आणि ७२९ असे पाडले तर बेरजा पुन्हा १२, १५ आणि १८ याच क्रमाने येतात. फळ्यावर हे लिहून दाखवल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसते त्यासाठी पाचशे रुपये ही काही मोठी रक्कम नाही.

९८७६५४३२१ या उमेदवाराविषयीही थोडे सांगायला हवे. उलट्या क्रमाने लिहिलेले हे नऊ अंक सातवी पायरी वगळता सर्व पायऱ्या पार करतात. आठव्या पायरीवर ९८७६५४३२ ला आठने भागले की उत्तर १२३४५६७९ येते, म्हणजे आठ हा अंक गाळून चढत्या क्रमाने मांडलेले अंक. पडद्यावर हे उत्तर अचानक उमटते तेव्हा त्याचा जो परिणाम होतो, तो पुस्तकात छापून होणार नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ६१७४ सारख्या संख्यांचे गुणधर्म असल्या कोणत्याही यंत्राशिवाय, कागदावर आकडेमोड करत शोधले, हे या तासाला मी आवर्जून सांगतो.

चेक (मागचे आकडे पुन्हा पाहणे), जीटी (सर्व उत्तरांची एकूण बेरीज) आणि एमयू (नफा धरून विक्रीची किंमत काढणे) ही बटणे व्यापारी हिशोबासाठी आहेत. लांबलचक बेरजेत मागची रक्कम पुन्हा पाहता येणे आडतीवर मोलाचे असेल, आमच्या कामात त्यांचा उपयोग नाही आणि लहान मुलांच्या हातून जीटी चुकून दाबले गेले तर गोंधळ होतो एवढेच.

यंत्राची खरी मर्यादा बारा अंकांपाशी कळते, आणि ती केवळ जागेची नाही. दहा अंकांनंतरही हा खेळ पुढे चालू ठेवता येतो, फक्त अंक एकदाच वापरण्याची अट सोडावी लागते. नवा अंक जोडायला दहा पर्याय असतात, त्यामुळे दहाव्या पायरीपर्यंत किमान एक पर्याय नेहमीच मिळतो. अकरापासून पुढे तशी खात्री नसते आणि संख्या गळू लागतात. या गुणधर्माच्या नऊ अंकी संख्या २४९२ आहेत आणि दहा अंकीही २४९२च आहेत, कारण दहाव्या जागी शून्य हा एकच पर्याय चालतो. सर्वांत लांब अशी संख्या पंचवीस अंकी असून ती एकच आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे कोणताही अंक जोडला तरी सव्वीसने भाग जात नाही.

तिचे पहिले बारा अंक ३६०८५२८८५०३६ यंत्रावर मावतात आणि बाराने भागल्यावर ३००७१०७३७५३ असे पूर्ण उत्तर येते. आता शेवटचा अंक मुद्दाम एकने वाढवून ३६०८५२८८५०३७ ला बाराने भागले, तर माझ्या यंत्रावर उत्तर तेच दिसते. खरे उत्तर ३००७१०७३७५३.०८३ असे सुरू होते. अकरा अंक पूर्णांकाने घेतले, दशांशासाठी एकच घर उरले, त्यात शून्य आले, आणि शेवटचे शून्य यंत्र दाखवत नाही. खटका ‘एफ’वर असूनही यंत्राने भाग गेल्याचे चित्र उभे केले. यावर उपाय सोपा आहे, आणि तो मुलांना सवय म्हणून लावावा: आलेल्या उत्तराला पुन्हा बाराने गुणावे. ३६०८५२८८५०३६ येतात, ३६०८५२८८५०३७ येत नाहीत, आणि खोटे उघड होते. गुणाकाराचे उत्तर बारा अंकांत मावत असेल तर त्यात काहीही छाटले जात नाही, म्हणून पडताळा नेहमी गुणाकाराने करावा. एक भागिले तीन गुणिले तीन केल्यावर या यंत्रावर एकऐवजी ०.९९९९९९९९९९९ दिसते, तेही याच छाटणीमुळे.

तेरावी पायरी तर पडद्यावर मावतच नाही, तरी ती या यंत्रावर करता येते. पहिल्या बारा अंकांना तेराने भागावे, पूर्णांक २७७५७९१४२३३ तेवढा घेऊन त्याला तेराने गुणावे, आलेले ३६०८५२८८५०२९ मूळ बारा अंकांतून वजा करावेत. बाकी सात उरते. तिच्यापुढे तेरावा अंक आठ मांडला की ७८ होतात, आणि ते तेरा सक ७८. चौथीत शिकवलेल्या लांब भागाकारात वरून अंक उतरवून घेतो तीच ही कृती आहे, फक्त एकेका अंकाऐवजी बारा अंकांचा घास एकदम घेतलेला आहे. याच रीतीने पुढच्या सर्व पायऱ्या पंचविसाव्यापर्यंत तपासता येतात. मोबाइलवरील काही ॲपमध्ये सगळे पंचवीस अंक एकदम मावतात हे खरे, पण तेथे ही कृती करण्याची गरजच पडत नाही, आणि आमच्या वर्गात मोबाइल आणण्याची परवानगीही नाही.

वीजपुरवठ्याचा प्रश्न येथे येत नाही. सौरपट्टी आणि सेल अशी दुहेरी सोय असल्याने खिडकीजवळच्या उजेडात यंत्र व्यवस्थित चालते आणि उन्हाळ्यात भारनियमनाच्या वेळीही तास थांबत नाही. बटणे प्लास्टिकची, रुंद आणि ठळक आहेत. दाबल्यावर टक असा आवाज येतो, त्यामुळे अंक दोनदा पडण्याची शक्यता कमी होते. ००चे बटण शेजारीच असल्याने लहान मुलांकडून एक शून्य जास्त पडते, तेवढे लक्ष ठेवावे लागते. खडूच्या धुळीसाठी वर प्लास्टिकचे आवरण घालून ठेवावे.

सहावीच्या खालच्या मुलांसाठी हे यंत्र मी सुचवणार नाही, कारण विभाज्यतेच्या कसोट्या हाताने पक्क्या झालेल्या नसतील तर दहा उमेदवारांपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद होतो. सातवीपासून पुढे चार-पाच मुलांमागे एक या प्रमाणात घ्यावे. दुकानात मागताना ‘बारा अंकी’ एवढेच सांगून थांबू नये, खटक्यावर ‘एफ’ची जागा आहे का ते पाहावे, आणि पैसे देण्यापूर्वी तेथेच ३८१६५४७ भागिले ७ आणि ९८७६५४३ भागिले ७ करून दोन्ही उत्तरे दुकानदारासमोर वाचून घ्यावीत.